घरच्या बागेतला कोबी आणि त्यावरची कीड: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

नेरुळला आमच्या रो-हाउसच्या मागे बारा फूट बाय आठ फूट जागा आहे. दर थंडीत तिथे मी कोबी लावते. गणपती उठले की प्रश्न सुरू होतात. कोपरीहून, घोडबंदर रोडवरून, ऐरोलीहून, खारघरहून पानांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, "हे काय झालंय?" तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एका उत्तरातून दुसरीकडे जावं लागतं.

१. आपल्या दमट हवेत कोबी होतो का? की तो नाशिक-पुण्याकडेच?

होतो, पण वर्षातून एकदाच. कोबीला १५ ते २० अंश तापमान सगळ्यात मानवतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी ३० च्या आसपास पारा असतो, पण रात्री गार असतात, आणि त्या गार रात्रींवरच आपला कोबी पोसतो. नाशिकसारखा दगडाएवढा घट्ट गड्डा मिळेलच असं नाही. सातशे-आठशे ग्रॅमचा, ताजा, विळीवर चिरताना कुरकुरणारा गड्डा मात्र नक्की मिळतो.

कोबी आपल्या किनाऱ्याला नवा नाही. त्याचं मराठी नावच पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आलंय, आणि १७३७ साली मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडेच होतं.

२. बी कधी पेरायचं? पावसाळ्यात लवकर पेरलं तर लवकर कोबी मिळेल ना?

नाही मिळणार. पावसाळ्यात रोपं कुजतात, पानं फाटतात आणि गोगलगाई उरलंसुरलं संपवतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण नवरात्राच्या सुमारास, बी पेरा. चार-पाच आठवड्यांत रोपाला पाच-सहा पानं येतात. तेव्हा, दिवाळीच्या आसपास, रोप कायमच्या जागी लावा. तिथून साठ-सत्तर दिवसांत गड्डा तयार होतो, म्हणजे संक्रांत ते जानेवारीअखेर.

नोव्हेंबर संपल्यावर लावण करू नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढतं आणि तोवर गड्डा धरलेला नसेल तर तो बहुधा धरत नाही. अशांची पुढची कहाणी प्रश्न १८ मध्ये आहे.

३. कोणती जात घ्यावी?

घरासाठी 'गोल्डन एकर' चांगली. लहान, गोल, लवकर येणारी. जमिनीत एक ते दीड किलोचा गड्डा होतो, कुंडीत त्याहून लहान. 'पुसा अगेती' उष्णता जास्त सोसते. संकरित बियाणं घेणार असाल तर पाकिटावर 'उष्णता सहन करणारी' किंवा 'लवकर तयार होणारी' असं लिहिलेलं बघा. 'पुसा ड्रमहेड'सारख्या मोठ्या, चपट्या, उशिरा येणाऱ्या जाती आपल्याकडे घेऊ नका, त्यांना लांब थंडी लागते. पाकिटावरची तारीख नक्की वाचा, जुनं बी अर्धंच उगवतं.

४. फ्लॅटच्या बाल्कनीत जमेल का? केवढी कुंडी लागेल?

एका रोपाला बारा इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग. पंधरा इंची असेल तर उत्तमच. एका कुंडीत दोन रोपं लावायचा मोह होतो, कारण लहानपणी रोप अगदी एवढंसं दिसतं. पण दीड महिन्यात त्याची बाहेरची पानं दोन फूट पसरतात. जमिनीत दोन रोपांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात ते त्यासाठीच.

खरा प्रश्न उन्हाचा असतो. निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आत खोलवर येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. उत्तरेची बाल्कनी असेल तर कोबीवर श्रम घालवू नका, तिथे पुदिना लावा. सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही.

५. नवी मुंबईतल्या आमच्या अंगणात खणलं की मुरूम आणि राडारोडाच निघतो. तिथे काय करायचं?

खणू नका, वर चढा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या जमिनीवर भराव टाकून उभा राहिलाय. खालची माती खारवट आणि निचरा वाईट. फूटभर उंचीचा गादीवाफा करा, कडेला विटा किंवा जांभ्याचे चिरे लावा आणि वरून माती आणून भरा. आमचा वाफा असाच आहे.

मिश्रणाचं माझं प्रमाण: चार घमेली माती, तीन घमेली मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं रेती, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत ताजं नको. त्याच्या उष्णतेने मुळं पोळतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, येते.

ठाण्याकडच्या लाल मातीची तऱ्हा वेगळी. ती आंबट असते, आणि कोबीला फार आंबट माती चालत नाही. लावणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला मूठ-दोन मुठी शेतीचा चुना मिसळावा. विड्याच्या पानाला लावायचा चुना नको.

६. रोपं दोन इंचांची झाली की देठाशी बारीक होऊन आडवी पडतात. रात्रीतून गेली!

ही मर. मातीतली बुरशी. बी फार दाट पेरलं, पाणी जास्त झालं आणि वारा खेळला नाही की येते. आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत. उरलेल्यांचं पाणी कमी करा आणि ट्रे उन्हात हलवा. पुढच्या वेळी बी एक इंच अंतरावर पेरा, मातीत थोडी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा आणि झारीने सकाळीच पाणी द्या, संध्याकाळी नको. रोप आडवं न पडता जमिनीलगत कापल्यासारखं तुटलं असेल तर ती बुरशी नव्हे, अळी. प्रश्न ८ बघा.

७. तयार रोपं विकत आणली तर चालतील ना?

चालतील, पण घरात आणण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी बारा रोपं आणली. तजेलदार होती. घाईत तशीच लावली. त्यातल्या एका पानाखाली नखाएवढा तपकिरी, मखमली ठिपका होता. मातीचा डाग असेल म्हणून मी सोडून दिला. चौथ्या दिवशी त्या पानावर हिरवट, काळ्या डोक्याच्या इवल्या अळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसल्या, पन्नास तरी असतील, आणि पान जाळीसारखं झालेलं. तो डाग म्हणजे तंबाखूवरच्या अळीची अंडी होती. मादी एका जागी दोनशे-तीनशे अंडी घालते आणि आपल्या अंगावरचे केस त्यावर पांघरते. ते पान तेव्हाच तोडलं असतं तर एका क्षणात काम झालं असतं. त्या वर्षी बारातली पाचच रोपं राहिली.

दुसरी काळजी: कोबी, फुलकोबी आणि ब्रोकोलीची रोपं लहानपणी जवळजवळ सारखी दिसतात. गड्ड्याची वाट बघता बघता फुलकोबी निघाल्याचे फोटो मला दरवर्षी येतात.

८. पानांना भोकं पडलीत, पण अळी कुठे दिसतच नाही. कोण खातंय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. खाणारा दिसत नसला तरी त्याची खाण्याची पद्धत दिसते. फवारणीची बाटली उचलण्याआधी पान हातात घेऊन नीट बघा.

पानावर बारीक पारदर्शक खिडक्या, म्हणजे खालचं हिरवं खरवडलेलं आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच, हे चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीचं काम. पानाखाली बोटाच्या पेराहून लहान, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी सापडेल. तिला काडीने डिवचा. ती वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लोंबकळते. तसं झालं की ओळख पटली. पुढचं प्रश्न ९ मध्ये.

पान जाळीदार, फक्त शिरा उरलेल्या, असं असेल तर तंबाखूवरची अळी, आणि अजून लहान. हीच मोठी झाली की दिवसा मातीत दडते आणि रात्री वर येऊन पानंच्या पानं फस्त करते. दिसत नाही ती बहुतेक वेळा हीच. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा, आणि दिवसा खोडाभोवतीची माती दोन इंच उकरून बघा.

चालताना पाठीची कमान करणारी हिरवी अळी म्हणजे उंटअळी. एकटीदुकटी असते, हाताने उचलायची.

वेडीवाकडी मोठी भोकं आणि शेजारी वाळलेली चकचकीत रेघ असेल तर गोगलगाय. प्रश्न १७.

टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं आणि हात लावताच टुणकन उडणारे काळे बारीक भुंगेरे. यांचा त्रास कोवळ्या रोपांनाच. रोप मोठं झालं की ते सोसतं.

कोवळं रोप जमिनीलगत कापलेलं दिसलं तर देठ कुरतडणारी अळी, तीही मातीतच. कागदी कपाचा तळ कापून तो रोपाभोवती इंचभर मातीत रोवा, ती ओलांडत नाही.

मधला कोंब जाळ्याने गुंडाळलेला आणि आत विष्ठा असेल तर प्रश्न १९ आजच वाचा.

९. चौकोनी ठिपक्याचा पतंग कसा थांबवायचा? दर पंधरा दिवसांनी नव्याने येतो.

येणारच, कारण आपल्या उबदार हवेत त्याची एक पिढी अडीच आठवड्यांच्या आत पुरी होते. पतंग इवलासा, राखाडी, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनांची माळ दिसते. संध्याकाळी रोपाला हलका धक्का द्या, पतंग असतील तर भुर्रकन उडून पुन्हा बसतील.

घरच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जाळी. कोबीच्या गड्ड्याला परागीभवन लागत नाही. मधमाशी आलीच पाहिजे असं काकडी-दुधीसारखं काही नाही. म्हणून लावणीच्या दिवसापासून काढणीपर्यंत रोप पूर्ण झाकून ठेवता येतं. जुन्या मच्छरदाणीचं कापड चालतं. बांबूच्या कामट्या किंवा पीव्हीसी पाइपच्या कमानी रोवा, वर कापड टाका आणि कडा मातीत पुरा किंवा विटांनी दाबा. पान कापडाला चिकटू देऊ नका, नाहीतर बाहेरून अंडी घातली जातात. आणि झाकण्याआधी रोपं तपासा, एक जरी अळी आत राहिली तरी तिला आत पाखरांचं भय उरत नाही.

जाळी नसेल तर दोन दिवसांआड पानं उलटून अळ्या, आणि पानाखाली विरळ रेशमी आवरणातले कोष चिरडायचे. आठ-दहा रोपांना दहा मिनिटं लागतात. अळ्या हाताबाहेर गेल्या तरच फवारणी: प्रश्न १२ आणि १३.

१०. कोबीभोवती मोहरी लावतात म्हणे. खरंच फरक पडतो?

पडतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने हा उपाय सुचवलाय: कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरलेली. पतंग आणि मावा कोबीपेक्षा मोहरीवर आधी जातात. घरी फोडणीच्या डब्यातली मूठभर मोहरी वाफ्याच्या कडेला त्याच वेळापत्रकाने पेरली तरी चालते.

पण मोहरी लावून विसरलात तर तुम्ही किडीला घर बांधून दिलंत. फवारा मोहरीवर मारायचा, किंवा ती किडीसकट उपटून साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि नवी पेरायची. ज्यांना एवढं लक्ष ठेवणं जमणार नाही त्यांनी जाळीच घ्यावी.

११. पानाखाली पीठ लावल्यासारखे राखाडी-हिरवे किडे आणि वर मुंग्या. मुंग्यांचं औषध मारू का?

मुंग्या चोर नाहीत, राखणदार आहेत. खरी कीड मावा. तो पानातला रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या माव्याला जपतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा: कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. मग पाण्याची बारीक, जोरदार धार पानाखाली मारा, सलग तीन दिवस. बराचसा मावा धुऊन जातो आणि खाली पडलेला परत चढत नाही. उरला तर प्रश्न १२ मधला फवारा.

फवारण्याआधी एकदा नीट बघा. माव्यात काही फुगलेले, सोनेरी-तपकिरी, हलत नसलेले दिसतात का? त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची पिल्लं वाढताहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसतो का, किंवा त्याची काळी-नारिंगी, मगरीच्या पिल्लासारखी अळी? हे सगळे आपल्या बाजूचे. ते दिसले तर आठवडाभर थांबा. लोक ती ढालकिड्याची अळीच आधी मारतात, दिसायला भीतीदायक असते म्हणून. ती मारू नका.

१२. निंबोळी अर्क घरी कसा करायचा? मी फवारला, पण थेंब पानावरून ओघळूनच जातात.

पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळून पिळून पाणी पांढरट होईपर्यंत अर्क काढा, गाळा. हा पाच टक्के अर्क झाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी जोर राहत नाही. निंबोळ्या जून-जुलैत पडतात. गावी कडुनिंब असेल तर तेव्हाच गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. नाहीतर कडुनिंबाचं घाण्याचं तेल, लिटरला पाच मिली.

थेंब ओघळतात कारण कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो. त्यासाठी अर्कात रिठ्याचं पाणी घाला: दोन-तीन रिठे कोमट पाण्यात कुस्करून जे फेसाळ पाणी निघतं ते. फवारा संध्याकाळी मारा, कारण उन्हात कडुनिंबाचा अंश लवकर विरतो. आणि पानाच्या खालून मारा. वरून फवारलेल्या दहा फवारण्यांपेक्षा खालून केलेली एक कामाची. पाच-सात दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंडी अर्काने मरत नाहीत.

१३. बीटी म्हणजे ते बीटी कापसातलं? ते भाजीवर चालतं का?

नाव तेच, गोष्ट वेगळी. इथे बियाण्यात बदल नाही. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर पाण्यात कालवून पानावर फवारतात, लिटरला एक-दोन ग्रॅम, पाकिटावर लिहिलं असेल तसं. अळीने ते पान खाल्लं की तिचं आतडं निकामी होतं, ती खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. लगेच मरत नाही म्हणून 'काम करत नाही' असं समजून लोक दुसऱ्या दिवशी वेगळं औषध मारतात. थोडं थांबा.

माणसाला आणि मधमाशीला त्याचा त्रास नाही. मावा आणि गोगलगाय यांवर तो चालत नाही. लहान अळ्यांवर उत्तम चालतो, मोठ्या अळ्या हातानेच वेचाव्यात. फुलपाखरांच्या अळ्यांनाही तो मारतो, म्हणून शेजारच्या लिंबू-कढीपत्त्यावर उडू देऊ नका.

१४. तंबाखूचं पाणी, भांडी घासायचं लिक्विड, राख, हळद, आंबट ताक: यातलं काय वापरू?

तंबाखूचं पाणी अजिबात नको. निकोटीन हे विषच आहे आणि ते आपण खाणाऱ्या पानावर बसतं. 'नैसर्गिक' आहे म्हणून सौम्य आहे असं नसतं. भांड्यांच्या लिक्विडने पानं भाजतात, रिठा घ्या. चाळलेली लाकडाची राख सकाळच्या दवात भुरभुरली तर भुंगेरे आणि मावा काही दिवस दूर राहतात, पण सारखी टाकू नका, माती खारट होते. लसूण-मिरचीचा अर्क मी वापरते, वासामुळे पतंग कमी बसतात, पण आधीच आत शिरलेल्या अळीला त्याने काही होत नाही. ताक आणि हळदीचा अळीवर मला कधी उपयोग दिसला नाही.

१५. दुकानदार म्हणाला, "एक फवारा मारा, महिनाभर बघायला नको." मारू का?

माझं मत स्पष्ट आहे: घरच्या दहा रोपांवर नको. कोबीचं आपण पानच खातो, आणि गड्डा बंद होताना आतल्या पानांवर पडलेलं औषध आतच राहतं. शिवाय या पतंगाचा इतिहास बघा. १९५३ सालीच जावा बेटावर तो डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. त्यानंतर एकामागून एक औषधं त्याने पचवली. मरतात ते माव्याला खाणारे ढालकिडे आणि गांधीलमाश्या. मग पुढची पिढी आधीपेक्षा जोमाने येते.

घरात एखादी बाटली आधीच असेल तर तिच्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याची बाटली मुलांच्या घरात ठेवायचीच नाही.

१६. वाफ्यावर पांढरी-पिवळी फुलपाखरं घिरट्या घालतात. हीच अंडी घालतात ना?

आपल्याकडे बहुधा नाही. कोबी खाणारी पांढरी फुलपाखरं मुख्यतः उत्तर भारतात आणि उंच, थंड डोंगरांत असतात. ठाण्या-नवी मुंबईत दिसणारी पांढरी-पिवळी फुलपाखरं बहुतेक बहावा, टाकळा, वायवर्णा अशा झाडांवर अंडी घालतात. तुमच्या वाफ्यावर ती उन्हाला किंवा ओल्या मातीला आलेली असतात. येऊ द्या. मुलांना घेऊन ओवळ्याच्या ओवळेकरवाडीत, फुलपाखरांच्या बागेत, एकदा जा, कोणतं फुलपाखरू कोणत्या झाडाचं हे तिथे डोळ्यांनी कळतं. कोबीचा शत्रू रात्री येणारा तो राखाडी पतंग.

१७. मुठीएवढ्या मोठ्या गोगलगाई! मीठ टाकू का?

मातीवर मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल आणि वाफाही जाईल. ही आफ्रिकन गोगलगाय. मूळ पूर्व आफ्रिकेतली, १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पावसाळ्यात ती सोसायट्यांच्या भिंतींवर चढलेली तुम्ही पाहिलीच असेल. ऑक्टोबरपर्यंत बऱ्याच उरतात आणि कोवळी रोपं त्यांना फार आवडतात.

संध्याकाळी वाफ्याजवळ ओलं गोणपाट अंथरा आणि खाली पपईची सालं किंवा कोबीची जून पानं ठेवा. पहाटे गोणपाट उचला, सगळ्या तिथे जमलेल्या असतील. हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचला, उघड्या हाताने कधीच नाही, कारण त्यांच्यातून माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे जंतू येऊ शकतात. बादलीत घट्ट मिठाच्या पाण्यात टाका आणि ते पाणी बागेपासून लांब ओता. आठवडाभर रोज केलं की फरक दिसतो. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.

१८. पानं भरपूर, रोप धष्टपुष्ट, पण गड्डाच धरत नाही.

कारणं या क्रमाने तपासा. उशिरा लावण झाली का (प्रश्न २)? ऊन पाच तासांपेक्षा कमी आहे का (प्रश्न ४)? युरिया किंवा शेणाची स्लरी जास्त झाली का? नत्र फार मिळालं की रोप पानंच काढत बसतं. लावणीनंतर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत आणि मधली पानं आत वळू लागली की पुन्हा मूठभर, एवढं पुरे. बाहेरची पानं 'जून झाली' म्हणून तोडलीत का? तोडू नका, गड्डा त्यांच्याच जिवावर भरतो. पानं दोरीने बांधून गड्डा होत नाही, तेही करू नका.

मार्च उजाडला आणि तरी पानं मोकळीच असतील तर कोवळी पानं काढून भाजी करा. मुगाची डाळ घालून छान होते.

१९. एकाच रोपाला चार-पाच लिंबाएवढे गड्डे आलेत. असं का?

कारण मधला कोंब मेला. गड्डा पोखरणारी अळी कोवळ्या रोपाच्या अगदी मध्यात शिरते, जाळं विणते आणि वाढीचा डोळाच खाते. मग रोप बाजूने फुटवे काढतं. लावणीनंतरचे पहिले तीन आठवडे हाच धोक्याचा काळ, म्हणून तेव्हा रोज सकाळी रोपाच्या मध्यात वाकून बघा. दोन कोवळी पानं धाग्याने जोडलेली दिसली की टूथपिकने अलगद सोडवा आणि आतली फिकट, तपकिरी रेघांची अळी काढा. कोंब शाबूत असेल तर रोप सावरतं. फुटवे आलेच असतील तर सगळ्यात जोमदार एक ठेवून बाकीचे खुडा.

२०. तयार झालेला गड्डा रात्रीत तडकला!

आधी पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी. आतली पानं फुगतात, बाहेरची फाटतात. शनिवारी-रविवारी भरभरून पाणी घालणाऱ्यांकडे हे हमखास होतं. गड्डा दाबून घट्ट लागला की पाणी कमी करा आणि लवकर काढा. तडकलेला गड्डा खायला चांगलाच असतो, फक्त त्याच दिवशी वापरा.

२१. पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण, आणि शिरा काळ्या. ही कोणती कीड?

कीड नाही, घाण्या रोग. जिवाणूंमुळे होतो, बियाण्यातून आणि पाण्याच्या शिंतोड्यांतून पसरतो. घरी त्यावर औषध नाही. रोगट रोप उपटून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला. पुढच्या वर्षी बी ५० अंशाच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून, वाळवून मग पेरा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर वापरा, अंदाजाने केलं तर बी शिजतं.

२२. आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. माकडं सगळं उपटतात.

मच्छरदाणी त्यांच्यापुढे टिकत नाही. वेल्डमेशचा, म्हणजे जाड तारेच्या जाळीचा, पिंजरा हाच उपाय, आणि त्यांना खायला घालणं पूर्ण बंद.

२३. कोबीतली अळी मेंदूत जाते, म्हणून आमच्या घरी कोबी बंद केलाय. हे खरं आहे का?

नाही. पानावरची अळी माणसाच्या अंगात जगत नाही, शिजली की संपली. ज्या आजाराची भीती आहे तो डुकरातल्या पट्टकृमीचा (टेपवर्मचा). त्याची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मैलामिश्रित पाण्यावर वाढलेली किंवा अस्वच्छ हातांनी हाताळलेली कोणतीही कच्ची भाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर, ती अंडी घेऊन येऊ शकते. कोबीचं नाव पडलं कारण त्याच्या पानांच्या घड्यांत घाण अडकते आणि त्यात अळी डोळ्यांना दिसते. नीट शिजवल्यावर ही अंडी मरतात.

स्वच्छ पाण्यावर घरी वाढवलेला कोबी या बाबतीत सगळ्यात निर्धास्त. कच्ची कोशिंबीर करायची असेल तर पुढचं उत्तर वाचा.

२४. कापल्यावर आत दोन अळ्या निघाल्या. फेकू का? आणि धुवायचा कसा?

फेकू नका. खाल्लेला, विष्ठा असलेला भाग काढा. गड्डा चार फोडी करून, पानं सुटी करून कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. लपलेल्या अळ्या सुटून बाहेर येतात. मग वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा. आतून वास येत असेल किंवा बुळबुळीत झाला असेल तरच टाका.

२५. गड्डा काढल्यावर बुंधा उपटायचा की ठेवायचा? त्याचं बी धरता येईल का?

बी धरता येणार नाही. कोबीला फुलायला कित्येक आठवडे पाच-दहा अंशांची थंडी लागते. म्हणून त्याचं बी कुलू खोऱ्यासारख्या ठिकाणी करतात.

बुंधा मात्र जानेवारीत काढलेल्या रोपाचा ठेवून बघा. गड्डा सुरीने कापा, खालची चार पानं राहू द्या आणि कापलेल्या बुंध्यावर वरून अधिक चिन्हासारखी अर्धा इंच खोल चीर द्या. तीन-चार आठवड्यांत तिथून छोटे, मऊ गड्डे फुटतात. फेब्रुवारीअखेर तेही काढा आणि बुंधे मुळासकट उपटा, कारण उभे राहिले तर मावा आणि पतंग त्यांच्यावरच उन्हाळा काढतात. त्या जागी मेथी, चवळी किंवा भेंडी घ्या. फुलकोबी, नवलकोल, मुळा आणि मोहरी ही कोबीचीच भावंडं, ती तिथे लगेच नकोत. मे महिन्यात वाफा रिकामा असेल तर तो भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक महिनाभर घट्ट ताणून ठेवा. मातीतले कोष आणि बुरशी त्या उष्णतेने जातात. पहिला पाऊस पडायच्या आत प्लास्टिक काढा.